शिक्षेचा वर्ग कोठे भरावा?



'शिक्षा' या शब्दाचा मराठीतील रूढ अर्थ दंड हा आहे. संस्कृतात मात्र त्याचा अर्थ शिकवणे, अध्ययन असा होता आणि हिंदी भाषक आजही तो शब्द त्याच अर्थाने वापरतात. गुन्हेगाराला केवळ कोंडून न ठेवता त्याला काही शिकवावे, हा विचार आपल्या कायद्यात हळूहळू शिरत गेला, तेव्हा या शब्दाचे दुरावलेले दोन अर्थ पुन्हा जवळ येऊ लागले. न्यायालयाने लावून दिलेले वर्ग, समुपदेशन व प्रशिक्षण ही त्याची आजची रूपे होत. हे वर्ग घरबसल्या मोबाईलवर पुरे करता आले तर किती सोयीचे होईल, असे आता सुशिक्षितांच्या बैठकीत सहज बोलले जाते. हे सोयीचे कोणाला आणि न्यायाचे कोणाला, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके समोर ठेवू.

हेच दोन तालुके घेण्याचे कारण असे की, या तालुक्यांत दोन महाराष्ट्र शेजारी शेजारी नांदतात. पूर्वेला पुणे-नाशिक रस्ता, त्यावरील मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही भरभराटलेली बाजारपेठेची गावे, कुकडी प्रकल्पाचे कालवे, द्राक्षे, टोमॅटो, ऊस आणि सहकारी साखर कारखाने. पश्चिमेला सह्याद्रीच्या धारेवर टेकलेली आहुपे, कोंढवळ, हातवीज, घाटघर, अंजनावळे यांसारखी गावे. तेथे महादेव कोळी समाजाची वस्ती, भाताची खाचरे, उन्हाळ्यात हिरडा गोळा करून मिळणारे चार पैसे आणि उरलेले वर्ष बागायती पट्ट्यात मजुरी. या दोन्ही महाराष्ट्रांसाठी न्यायालय मात्र एकच आहे. जुन्नरच्या माणसाला जुन्नरचे, आंबेगावच्या माणसाला घोडेगावचे आणि सत्र न्यायालयापुढचे काम निघाले की दोघांनाही राजगुरुनगरचे. एकाच न्यायाधीशापुढे, एकाच कलमाखाली, द्राक्षबागायतदाराचा मुलगा आणि त्याच्याच बागेत छाटणीला येणारा मजूर उभे राहू शकतात. कायदा दोघांना समान लेखतो. शिक्षेचा भार दोघांवर समान पडतो का, हे पाहणे समाजवाद्यांचे काम आहे.

गुन्हेगाराला शिकवण्याची कल्पना नवी नाही. १८५० साली, कंपनी सरकारच्या अमदानीत, १० ते १८ वर्षे वयाच्या मुलांना तुरुंगाऐवजी कारागिराच्या हाताखाली उमेदवारीला लावण्याचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली परिवीक्षा कायदा आला. समज देऊन अथवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला, आणि एकवीस वर्षांखालील गुन्हेगाराला, जन्मठेपेइतका गंभीर गुन्हा नसेल तर, शक्यतो तुरुंगात धाडू नये असे बजावले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने पती-पत्नींना समुपदेशनास पाठवण्याची मुभा दंडाधिकाऱ्याला दिली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सामूहिक समुपदेशन, समाजसेवा, शाळेत वा व्यवसाय प्रशिक्षणास हजेरी असे आदेश नमूद आहेत. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन, परवाना निलंबित झालेल्या चालकाने उजळणी प्रशिक्षण पुरे केल्यावरच तो परत मिळावा अशी तरतूद झाली. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने 'समाजसेवा' ही शिक्षेच्या प्रकारांत प्रथमच दाखल केली. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल व ऐवज परत केला असेल, सार्वजनिक जागी दारू पिऊन गैरवर्तन केले असेल, अशा मोजक्या गुन्ह्यांना ती लागू आहे.

ही सारी वाटचाल स्वागतार्ह आहे. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि त्यांतील सुमारे शेकडा ७६ कच्चे कैदी होते. अशा देशात तुरुंगाला जो जो पर्याय निघेल तो तो स्वागतार्हच मानला पाहिजे. प्रश्न पर्यायाचा नाही. त्या पर्यायाचा लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि तो पर्याय प्रत्यक्षात कसा राबवला जातो, याचा आहे.

या संदर्भात पुण्यातील एका प्रकरणाचा उल्लेख अटळ आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा, एका बांधकाम व्यावसायिकाचा. बाल न्याय मंडळाने त्याला त्याच दिवशी जामीन दिला. पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम करावे आणि अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा, अशा त्यातील अटी होत्या. देशभर संतापाची लाट उसळली. तीन दिवसांत मंडळाने मुलाला निरीक्षणगृहात धाडले आणि २५ जून रोजी उच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. दरम्यान, रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली.

त्या संतापात दोन गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या. त्या वेगळ्या केल्या पाहिजेत. अल्पवयीन मुलाला तुरुंगापेक्षा शिकवणे बरे, हे तत्त्व चुकीचे नव्हते. बाल न्यायाचे सारे शास्त्र त्याच तत्त्वावर उभे आहे. उद्या आहुपेच्या एखाद्या पोराच्या हातून काही घडले तर त्यालाही हेच तत्त्व तारणार आहे, म्हणून त्या तत्त्वाला लोकांच्या रागापायी तिलांजली देणे गरिबांना परवडणारे नाही. लोकांना बोचले ते दुसरेच. तीनशे शब्द कोणीही लिहू शकतो, कोणाकडूनही लिहवून घेता येतात. त्यासाठी विचार करावा लागत नाही, कोणापुढे उभे राहावे लागत नाही, ज्यांचा जीव गेला त्यांच्या दुःखाकडे डोळे उचलून पाहावे लागत नाही. शिक्षकावाचून दिलेला तो धडा होता. शिक्षण नावाच्या गोष्टीचीच त्याने थट्टा केली, असे सामान्य माणसाला वाटले, आणि ते वाटणे रास्त होते.

घरबसल्या मोबाईलवर पुरा करायचा वर्ग हा त्या निबंधाचाच सुधारलेला अवतार आहे. चित्रफीत एका कोपऱ्यात चालू ठेवायची, दुसरीकडे आपला उद्योग करायचा, शेवटी चार प्रश्नांपुढे बोट दाबायचे आणि प्रमाणपत्र छापून घ्यायचे. ज्याच्याकडे चांगला फोन, अखंड वीज आणि हाताशी एखादा कारकून आहे, त्याला तर बोटही दाबावे लागत नाही.

आता अर्थशास्त्राच्या बाजूने या प्रश्नाकडे पाहू. दंड ही शिक्षेची सर्वांत विषम तऱ्हा आहे. दारू पिऊन वाहन चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने दंडाची रक्कम दहा हजार रुपये केली. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. म्हणजे मजुरासाठी हा दंड बत्तीस दिवसांच्या राबण्याएवढा झाला. बागायतदाराच्या मुलासाठी ती एका रात्रीच्या मेजवानीची किंमत. पहिल्यासाठी जी शिक्षा, ती दुसऱ्यासाठी केवळ एक भाव. भाव मोजला की वस्तू आपली. फिनलंडने १९२१ साली आणि स्वीडनने १९३१ साली या विषमतेवर तोड काढली. तेथे दंड रुपयांत न ठरवता दिवसांत ठरवतात आणि दर दिवसाची रक्कम गुन्हेगाराच्या उत्पन्नावरून काढतात. आपल्याकडे, जेथे बहुसंख्यांचे उत्पन्न कोणत्याच कागदावर नसते, ती पद्धत आणणे अवघड आहे.

पण एक चलन असे आहे की जे श्रीमंताच्या व गरिबाच्या खिशात सारखेच असते. ते म्हणजे वेळ. दिवसाचे तास कोणालाही चोविसाहून अधिक मिळत नाहीत. न्यायालयाने दोघांनाही एकाच खोलीत, एकाच बाकावर, दहा रविवार बसवले तर शिक्षा प्रथमच बरोबरीची होईल. कारखान्याच्या संचालकाचा मुलगा आणि ऊसतोडीचा मजूर एकमेकांशेजारी बसून एकाच माणसाचे ऐकत आहेत, हे दृश्यच मुळी एक धडा आहे. न्यायालयाने लावून दिलेल्या वर्गाचे खरे सामर्थ्य हे आहे. घरबसल्याच्या वर्गाने तेच नेमके नाहीसे होते, कारण तेथे वेळ चुकवता येतो आणि शेजार तर उरतच नाही.

येथे कोणी म्हणेल की, वेळही सर्वांचा सारखा नसतो. हे खरे आहे. पगारदाराला रजा मिळते, रोजंदारीवाल्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणूनच वर्ग कोणत्या दिवशी, कोणत्या ऋतूत आणि कोठे भरतो याला महत्त्व आहे. हिरड्याच्या हंगामात किंवा भातलावणीच्या दिवसांत हातवीजच्या माणसाला जुन्नरला बोलावणे म्हणजे त्याला दुसरा दंड ठोठावणे होय. बिबट्याच्या भीतीने अंधार पडताच दारे लावून घेणाऱ्या या मुलखात संध्याकाळचा वर्गही चालणार नाही. हे तपशील क्षुल्लक वाटतात, परंतु न्याय बहुधा अशा तपशिलांतच घडतो किंवा बिघडतो.

आता मोबाईलच्या बाजूचा सर्वांत प्रबळ युक्तिवाद. हातवीजहून जुन्नरला येण्यापेक्षा गावातच फोनवर वर्ग झाला तर मजुरी वाचेल, भाडे वाचेल, तान्ह्या मुलाच्या आईला घर सोडावे लागणार नाही, अपंगाला एसटीची पायरी चढावी लागणार नाही. हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे, आणि त्यात गरिबांची कळकळही आहे. परंतु तो गृहीत धरतो की फोन आहे, तो एकट्याचा आहे, त्यात पैसे भरलेले आहेत, लहर पोहोचते आहे आणि पडद्यावरचे वाचता येते आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातील शेकडा १५ कुटुंबांपाशीच इंटरनेटची सोय आढळली होती आणि संगणक शेकडा पाचांपाशीही नव्हता. त्यानंतर मोबाईल पुष्कळ पसरला हे मान्य. तरी टाळेबंदीचा अनुभव आपण विसरलो आहोत काय? २०२० साली 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी घोषणा शासनाने केली. त्या घोषणेचा अर्थ शहरातल्या मुलाला एक लागला आणि डोंगरातल्या मुलाला दुसरा. घरात एक फोन, तो बापाबरोबर कामावर गेलेला. जेथे फोन होता तेथे नेटवर्कसाठी टेकडी गाठायची. त्या दोन वर्षांत मुलांचे शिक्षण बुडाले, पण त्यासाठी कोणी त्यांना अटक करणार नव्हते. न्यायालयाने लावलेला वर्ग बुडाला तर काय होईल, याचा विचार करून पाहावा.

या दोन तालुक्यांतील दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की प्रश्न स्पष्ट होतो. नारायणगावजवळ खोडद येथे जगातील अत्यंत मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या अब्जावधी प्रकाशवर्षे दूरच्या आकाशगंगांतील हायड्रोजनची क्षीण लहर टिपतात. आंबेगाव तालुक्यात, त्याच सह्याद्रीच्या कुशीत, ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळून माळीण गाव गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे मेली. त्या गावाची वार्ता बाहेरच्या जगाला कोणत्या यंत्राने कळवली नाही. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा ती कळली. विज्ञानाचा दोष यात काडीमात्र नाही. लहर कोणत्या दिशेला वळवायची आणि कोणापर्यंत पोहोचवायची हे समाज ठरवतो, आणि पश्चिमेकडच्या वाड्यांबाबत ते अद्याप ठरलेले नाही, एवढाच याचा अर्थ. ज्या वाडीशी राज्याचे सर्वांत भरवशाचे नाते एसटीचे आहे, त्या वाडीला न्याय मोबाईलवरून देऊ म्हणणे धाडसाचे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी एका महत्त्वाच्या निकालात म्हटले की, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग आहे. ॲसिड हल्ल्यात चेहरा व दृष्टी गमावलेल्यांना, तसेच अंधांना, फोनपुढे डोळ्यांची उघडझाप करून ओळख पटवता येत नाही म्हणून बँकेत खाते उघडता येत नव्हते. त्यांच्या अर्जावरचा हा निकाल आहे. त्यातील सूत्र साधे आहे: यंत्र माणसाला जुळले पाहिजे, माणसाने यंत्राला जुळावे ही अपेक्षा अन्यायाची. हे सूत्र बँकेला लागू असेल, तर आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाला ते अधिकच लागू आहे. खाते न उघडल्याने माणूस तुरुंगात जात नाही.

ही भीती कल्पनेतली नाही. न्यायालयीन वर्गांची बाजारपेठ पूर्ण वाढलेली पाहायची असेल तर अमेरिकेकडे पाहावे. तेथे वाहतुकीचा नियम मोडणाऱ्याला, राग आवरता न आलेल्याला, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला न्यायालय वर्गाला धाडते. फ्लोरिडा राज्यात तर अज्ञान मुले असलेल्या आईबापांना घटस्फोटाआधी चार तासांचा पालकत्वाचा वर्ग सक्तीचा आहे. असे पुष्कळसे वर्ग आता खाजगी कंपन्या इंटरनेटवर चालवतात, फी घेतात आणि प्रमाणपत्र देतात. म्हणजे न्यायालय गिऱ्हाईक पाठवते आणि कंपनी ते स्वीकारते. ज्या शिक्षकाचे उत्पन्न विद्यार्थी लवकर पास होण्यावर अवलंबून आहे, तो त्याला काय शिकवणार? आणि ज्याच्यापाशी फी नाही त्याचे काय? १९८३ साली याच जातीचा प्रश्न तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जॉर्जियातील बेअर्डन नावाच्या एका माणसाला तुरुंगाऐवजी परिवीक्षेवर सोडले होते. अट होती पाचशे डॉलर दंड आणि अडीचशे डॉलर भरपाईची. त्याने काही रक्कम उसनवारीने भरली, मग त्याची नोकरी गेली. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, दुसरे काम मिळेना. न्यायालयाने त्याला तुरुंगात टाकले. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. पैसे का भरले नाहीत याची चौकशी केल्याशिवाय, केवळ भरले नाहीत म्हणून माणसाला तुरुंगात घालता येणार नाही, असे त्याने सांगितले. जगातील सर्वांत धनाढ्य देशाला हे सांगावे लागले. आपल्याकडेही दंड वा जामिनाची रक्कम भरता न आल्याने तुरुंगात खितपत पडलेल्यांसाठी केंद्र सरकारला २०२३ साली गरीब कैदी साहाय्य योजना आणावी लागली. सुरुवातीला दंडासाठी पंचवीस हजार आणि जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदत देऊ करणारी ही योजना म्हणजे, गरिबी हाच गुन्हा होऊन बसला होता याची सरकारी कबुलीच म्हणावी लागेल.

न्यायकचेरी आणि निरक्षर शेतकरी यांचे नाते या मातीला नवे नाही. जुन्नर-ओतूरचा भाग सत्यशोधक चळवळीचे जुने केंद्र. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये अक्षरशत्रू शेतकरी कचेरीत कसा नाडला जातो याचे विदारक चित्र उभे केले. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी विचारले ते हेच की, सारा भरतो रयत आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गावर, हे कोणत्या न्यायाचे? कचेरीतील कागद आज पडद्यावर आला आहे. पडद्यावरची 'मान्य आहे' ही खूण ज्याला वाचता येत नाही, तो ती दुसऱ्याच्या सांगण्यावरून दाबतो. कोऱ्या कागदावर अंगठा उमटवणाऱ्या त्याच्या पणजोबांपेक्षा त्याची स्थिती फार निराळी नाही. त्यात नेटकॅफेचा दलाल शंभर-दोनशे रुपयांत 'वर्ग पुरा करून देतो' म्हणू लागला की त्या साखळीला आणखी एक कडी जोडली जाईल. दाखले, सातबारा आणि अर्ज यांच्या बाबतीत हे घडताना तालुक्याच्या गावी कोण पाहत नाही?

शिक्षेतून माणूस खरोखर कसा शिकतो, याची उत्तम उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. नाशिकच्या तुरुंगात त्याच काळात तरुण सत्याग्रहींच्या वादविवादांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली. ते राजबंदी होते, गुन्हेगार नव्हते, ही सबब रास्त आहे. म्हणून दुसरे उदाहरण घेऊ. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात माणसे बदलली ती औषधांनी जितकी, त्याहून अधिक एकमेकांच्या संगतीने. व्यसनातून सुटलेला माणूस व्यसनात अडकलेल्यासमोर बसतो आणि त्याच्याशी बोलतो. ऐकणाऱ्याला पळवाट राहत नाही, कारण समोरच्याने त्या साऱ्या पळवाटा स्वतः तुडवलेल्या असतात. धुळ्यात आणि मुक्तांगणात समान धागा एकच: समोर माणूस होता.

तेव्हा मागणी कोणती करावी? न्यायालयीन वर्ग नकोत, ही मागणी प्रतिगामी ठरेल. ते अधिक हवेत, पण सार्वजनिक हवेत. राज्यघटनेच्या ३९-अ या अनुच्छेदाने १९७६ साली मोफत कायदेविषयक साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकली. १९८७ च्या कायद्याने तालुका विधी सेवा समित्यांची तरतूद केली, आणि तालुक्यातील ज्येष्ठ न्यायाधीश हाच तिचा पदसिद्ध अध्यक्ष असतो. म्हणजे वर्ग लावणारा आणि वर्गाची व्यवस्था पाहू शकणारा माणूस आज एकच आहे. त्याच्या हाताशी जागा, शिक्षक आणि थोडा निधी देणे एवढेच बाकी आहे.

जागेचा प्रश्न सोपा आहे. रविवारी जिल्हा परिषदेच्या शाळा रिकाम्या असतात. पश्चिम भागात आश्रमशाळा आहेत, आणि त्यांचा कारभार पाहणारे आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावातच आहे. डोंगरातल्या चार-दोन माणसांना तालुक्याला ओढण्यापेक्षा महिन्यातून एकदा शिक्षकाने डोंगरात जावे. प्रवासाचा भार कायद्याने उचलावा, मजुराने नव्हे.

शिक्षकांचीही वाण नाही. रस्त्याविषयी बोलायला नारायणगाव आगारातील निवृत्त एसटी चालकाहून अधिकारी माणूस कोण? तीस-तीस वर्षे या घाटांतून ज्याने माणसे सुखरूप पोहोचवली, त्याचा एक तास कोणत्याही चित्रफितीहून मोलाचा. अपघातात काय होते हे मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयातील परिचारिका सांगेल. दारूविषयी, दारूने ज्यांचे संसार मोडले आणि ज्यांनी ते पुन्हा सांधले, त्या बायका व पुरुष सांगतील. आणि प्रत्येक वर्गात अर्धा तास हक्कांसाठी राखून ठेवावा. वनहक्क काय आहेत, मोफत वकील कसा मिळतो, पोलिसांनी अटक केल्यावर काय मागता येते, हे ज्याला कळले तो अधिक चांगला नागरिक होतो. नुसत्या नीतिपाठाने माणूस केवळ अधिक भित्रा होतो.

या व्यवस्थेच्या अटी कायद्यात स्पष्ट लिहिल्या पाहिजेत. वर्गाला फी नसावी. खाजगी कंपनीच्या प्रमाणपत्राला न्यायालयाने मान्यता देऊ नये. अध्यापन मराठीत आणि तोंडी असावे, वाचता न येणारा कोणीही मागे पडू नये. रोजंदारीवर जगणाऱ्याला बुडालेल्या दिवसाची किमान मजुरी मिळावी. कोणी म्हणेल, शिक्षा झालेल्याला मजुरी कशी द्यायची? वर्ग म्हणजे संहितेतील समाजसेवा नव्हे. मोबदला नाकारला आहे तो त्या सेवेपुरता, तो नियम वर्गाला लावण्याचे कारण नाही. मजुराच्या मुलांची भाकर हा तर शिक्षेचा भाग कधीच नसतो. गैरहजेरीबद्दल पुढची कारवाई करण्याआधी तिच्या कारणाची चौकशी सक्तीची असावी. आजारी, अपंग, बाळंतीण यांना मागितल्यास फोनवरून वर्ग पुरा करण्याची सवलत जरूर द्यावी, मात्र ती सवलत म्हणूनच. तिची अट होऊ नये, आणि घरी मोटार असलेल्याला ती मिळू नये.

शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. कागदपत्रे जपणे, तारखा कळवणे, निकाल उपलब्ध करणे यासाठी संगणक हवाच. त्याने वकिलाच्या कारकुनाची मक्तेदारी थोडी तरी कमी होईल. तथापि यंत्रावर एवढा खर्च करणारे राज्य, रविवारच्या एका वर्गासाठी एक फळा, एक शिक्षक आणि दहा माणसांचे एसटी भाडे देऊ शकत नाही असे म्हणेल, तर ते पैशाचे कारण नसेल. सुधारणा हा शब्द त्याने फक्त श्रीमंतांच्या मुलांसाठी राखून ठेवला आहे, असाच त्याचा अर्थ होईल.

जुन्नर आणि घोडेगाव येथे हा प्रयोग सुरू करायला संसदेचा नवा कायदा लागत नाही. आहेत ते कायदे, आहेत त्या समित्या आणि आहेत त्या शाळा पुरेशा आहेत. वकील संघाने, शिक्षक संघटनांनी आणि पक्षाच्या तालुका शाखांनी विधी सेवा समितीकडे एकत्र जाऊन एवढेच मागावे की, न्यायालयाने ज्याला शिकायला सांगितले आहे त्याला शिकवणारा माणूस द्या. ही मागणी मान्य होईपर्यंत ती दर महिन्याला, दर बैठकीला, त्याच शब्दांत मांडत राहावी लागेल.